आण माह्या अंगावर

१२ जुलै. वांगी तोडून झाली होती. दुसऱ्या दिवशी ती वाशीमच्या बाजारात न्यायची होती, आणि त्याआधी पिकअपच्या मागच्या चाकांचे ब्रेक लायनर बदलणं भाग होतं. म्हणून मी गाडी आसेगावला शेषराव मिस्त्रींकडे नेली.

शेषराव आता नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना आधी भिंतीचं सांगते. ब्रेकचं काम संपलं की ते गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आण माह्या अंगावर. मंग दाब." गाडी त्यांच्या गुडघ्यांपाशी थांबायची. कोणी लवकर ब्रेक मारला तर शिव्या खायचा. "माह्या कामावर भरोसा नाही तं आला कायले?"

माणूस हाताचा वाईट. पान्यानं बोलायचा. कामात मात्र एक नेम होता, एका वेळी एकच चाक उघडायचं. "दुसरं साक्षीले राहू दे. कोणती स्प्रिंग कुठं, ते त्याले इचार."

त्या दिवशी डावं चाक नीट झालं. ड्रम बसावा म्हणून लायनर आतबाहेर सरकवणारा अॅडजस्टर पुरता आत घेतला, ड्रम चढवला, मग लायनर ड्रमपाशी येईपर्यंत अॅडजस्टर फिरवत बाहेर काढला, चाक हातानं फिरवून पाहिलं. उजव्या चाकाला हात लावला, तेवढ्यात एक जीपवाला आला. ब्रेक वाजतो म्हणून बोंबलत.

शेषरावांनी त्याचा ड्रम उघडला आणि वास घेतला. "काय टाकलं यात?"

"वाजे ना भाऊ. थोडंसं तेल सोडलं."

"लायनरवर तेल? मांगं माणसं बसवतं ना तू?"

उत्तर यायच्या आत शेषरावांनी त्याची मान धरून तोंड त्या तेलकट लायनरवर घासलं. "चाट! आता नाही वाजत ना?" जीपवाल्यानं जॅकचा दांडा उचलून त्यांच्या खांद्यावर हाणला. शेषरावांनी त्याला टायरच्या ढिगात पाडून लाथा घातल्या. मी बादलीभर पाणी दोघांवर फेकलं, तेव्हा सुटले. जीपवाला दात हातात घेऊन गेला.

उजवं चाक शेषरावांनी रागाच्या भरातच जोडलं. स्प्रिंग पकडीतून सुटून बोट फाटलं, तर ती स्प्रिंगच भिंतीवर भिरकावली आणि पुन्हा शोधून लावली. मग भिंतीशी जाऊन उभे राहिले. "आण, वैनी."

गाडी हलवण्याआधी मी ब्रेकचं पेडल दाबलं. ते तळाला गेलं.

"भाऊ, पेडल बसून राह्यलं."

"चालव मनलं ना!"

"मी नाही चालवत. मराची हौस आहे तं रेल्वेखाली जा."

ते धावत आले, दार उघडलं आणि माझा दंड धरून मला खाली ओढलं. माझा गुडघा फुटला. हाताला लागला तो पाना मी त्यांच्या मनगटावर मारला. त्यांनी शिवी दिली, गाडीत बसले आणि स्वतःच भिंतीच्या दिशेनं सोडली. त्यांनी एकदा पेडल दाबलं. दुसऱ्यांदा दाबायच्या आत भिंत आली. विटा पडल्या, बंपर वाकला, शेषरावांचं कपाळ काचेवर आपटलं.

ते उतरले ते थेट उजव्या चाकाशी गेले. अॅडजस्टर आतच राहिला होता, लायनर ड्रमला पोचतच नव्हते. डोळ्यात रक्त उतरत होतं, तरी बसल्या जागी फिरवून तो बाहेर काढला. मग उकिडवे बसून फुटलेल्या भिंतीकडे पाहत राहिले.

"मी मेलो असतो," म्हणाले.

"अन् मी जेलात गेली असती. त्याचं काही नाही तुमाले?"

गाडी तिथंच ठेवून मी एसटीनं घरी आले. वांगी पोत्यांखाली झाकली.

सकाळी पुन्हा गेले. शेषराव डोक्याला फडकं बांधून बसले होते. मी आधी पेडल दाबून पाहिलं, कारण मी काही वेडी नाही. ते वरच घट्ट थांबलं. चावी शेषरावांच्या हातात दिली आणि जिथं भिंत शाबूत होती, तिथं पाठ लावून उभी राहिले.

"आणा माह्या अंगावर."

"हट वैनी. तमाशा नको करू."

"काहून? काम तुमचंच हाये ना?"

शेषराव गाडीत बसले. चावी लावली, पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ दाबत राहिले. मग चावी काढून खाली उतरले, माझ्याकडे न पाहता जॅक ओढला आणि उजवं चाक उघडायला बसले.