झालं म्हणेपर्यंत

धारूरच्या बाजारात उत्तरेश्वररावांचा एका खोलीचा स्टुडिओ. तिथं एकच हुकूम चाले: 'हलू नका.' ऊसतोडीला निघालेली जोडपी ट्रकात बसण्याआधी यायची आणि डोळे वटारून उभी राहायची. उत्तरेश्वरराव लेन्सची रिंग फिरवत पुटपुटायचे, "हां... हां... हलू नका... आलं..." मग कॅमेऱ्याचा खटॅक आणि तोंडचं खणखणीत "झालं!" तोवर एखादा गडी दम कोंडून जांभळा झालेला असे.

अख्खा तालुका त्यांच्यापुढं हलला नाही. हलली ती फक्त बायको, छबुबाई. "आवं, तुमची रिंग फिरूस्तोर माझी भाकर करपती!" म्हणत ती उठायचीच. इतक्या वर्षांत तिचा एक फोटो धड नाही. एकात नुसता पदर, एकात पाठ, एकात तोंडाच्या जागी धुकं.

आणि आज ती पुण्याला निघाली होती, लेकीचं, सुनिताचं बाळ सांभाळायला. बाळ शाळेत जाईपर्यंत तिकडंच. लेकीच्या घरी बापानं मुक्काम ठोकायचा नसतो, म्हणून उत्तरेश्वरराव इथंच. दुपारची एसटी. सकाळीच त्यांनी ट्रंकेतली जुनी लेन्स काढून सदऱ्यानं पुसली.

"अण्णा, काहून तरास घेता?" प्रविण, त्यांचा मुलगा. लग्ना-कीर्तनांच्या फोटोंसाठी त्यानं नवा मिररलेस कॅमेरा घेतला होता. "ह्यो आपोआप तोंड धरतो. आई पळाली तरी धरंल."

"त्यानं धरून काय बे? मला धरायचीय."

प्रविणनं मध्ये जोडकडी घालून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवली. लगेच कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाटी आली: लेन्स नाही.

"न्हाई कशी? तुझ्या नाकावर बसलीय की!" उत्तरेश्वरराव कॅमेऱ्यावरच खेकसले.

"जुनी हाय, ओळखत न्हाई तिला. लेन्स नसली तरी फोटो काढ, असं सांगून ठेवतो त्याला. आता रिंग फिरवा. फोकस बसंल तिथं लाल रेघ दिसंल."

"कुंकू लागतंय म्हण की."

छबुबाई बांधलेल्या पिशव्यांमध्ये स्टुलावर बसली. "काढा. आज चुलीवर काय बी न्हाई."

रिंग फिरू लागली. कुंकू आधी मागच्या पडद्याला लागलं, मग तिच्या कानातल्या फुलाला, मग पापण्यांना. छबुबाई हलली नाही. उत्तरेश्वररावांनी बटण दाबलं.

खटॅक झालंच नाही. कीर्तनात आवाज झाला की महाराज चिडतात, म्हणून प्रविणनं तो बंद करून ठेवला होता. फोटो मात्र निघाला होता, पापणीन् पापणी मोजावी असा. प्रविण तोंड उघडणार, तोच अण्णांचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं.

"झालं का?" छबुबाईनं ओठ न हलवता विचारलं.

"न्हाई. हलू नको."

रिंग उगाच पुढं गेली, मागं आली. बाहेर स्टँडकडून हॉर्न ऐकू आला. प्रविणनं पिशव्या उचलल्या.

"आवं."

"हं?"

"कवाचंच झालंय. फोटो निघाला की तुमी दम सोडता. सारी उमर ऐकतीया मी."

उत्तरेश्वररावांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही.

छबुबाई तशीच बसून राहिली, हात मांडीवर, मान ताठ. "म्हणा की आता," ती हळूच म्हणाली. "तुमी म्हणल्याबिगर उठू कशी?"