मुक्या बटणाशी भांडलेला माझा भाऊ

विनूदादा गेला त्या दुपारी मी आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या राइट टाउन भागात, शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन श्रुतीचा होता. सरकारी वीज कंपनीच्या वेबसाइटचं काम बघणारी ही इंजिनिअर मुलगी दादासोबत काही वर्षं काम करत होती. "दीदी, भैया मीटिंग में चिल्ला रहे थे... चिल्लाते-चिल्लाते गिर गए." दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची सालटं निघाली होती. टेबलावर मुठी आपटून आपटून. माझा भाऊ भांडता भांडता मेला. आता दीड महिना होऊन गेला, भेटायला येणारे सगळे "शांत जीव होता" असं काहीतरी म्हणून जातात, आणि मला ते खोटं ऐकवत नाही.

तो शांत नव्हता. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होता तेव्हा हसरा, गाणी म्हणणारा होता. मग एका सकाळी तिथे स्फोट झाला. कांचघर भागातल्या आमच्या घराच्या खिडक्या हादरल्या, आई हातातलं पीठ तसंच घेऊन रस्त्यावर धावली. दादाच्या शेजारी काम करणारा माणूस ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. दादा वाचला, पण पत्र्याचे तुकडे दोन्ही डोळ्यांत शिरले होते. पट्टी सुटली तेव्हा त्याने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "लाइट नहीं है क्या?"

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते बाहेर कुणाला ठाऊक नाही. ताटं भिंतीवर फुटायची. दाराला धडकला की तो दारालाच लाथा घालायचा. एकदा चहा गार आहे म्हणून त्याने स्टीलचा पेला भिरकावला, तो सुनंदावहिनीच्या भुवईवर बसला. रक्त तिच्या ओठांपर्यंत आलं. एरवी गप्प राहणारी वहिनी त्या दिवशी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "काहून मारून राहिले मला? मी फोडले का तुमचे डोळे?" दादाने हात पुढे केला, त्याला ते ओलं लागलं. तो मटकन खाली बसला... त्यानंतर त्याने घरात कुणावर हात उगारला नाही. आठवड्याभराने मला म्हणाला, "आंधळ्यांना कॉम्प्युटर शिकवतात म्हणे. मला घेऊन चाल तिथं."

पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तो शिकला. बँक, रेल्वेचं तिकीट, वर्तमानपत्र, सगळं कानांनी. वहिनीला बातम्या सांगायला लागला. घर जरा सावरलं.

आणि मग उन्हाळ्यातलं ते वादळ आलं. आई तोवर राहिली नव्हती, वहिनी नागपूरला माहेरी गेली होती, दादा घरात एकटा होता. सकाळची वेळ, वारा आणि आडवा पाऊस. मागच्या गल्लीत काहीतरी तुटून पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ तडतड सुरू झाली. स्फोटातून वाचलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. विजेची तार पडली होती, जिवंत तार. त्याने मदतीचा नंबर लावला. लागेना, पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग कॉम्प्युटरवर वीज कंपनीची वेबसाइट उघडली. तक्रारीचं पान कुठे आहे ते सापडेना. यंत्र नुसतं म्हणत राहिलं, "बटण. बटण. बटण." कुठल्याच बटणाला नाव दिलेलं नव्हतं. चाचपडत तो पानापर्यंत पोचला, पत्ता भरला, आणि शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. यंत्र म्हणालं, "चित्र." तेवढंच. ऐकून समजेल असा दुसरा मार्ग तिथे नव्हता.

तेवढ्यात त्याला सायकलची साखळी ऐकू आली. शेजारचे कैलास भैया, शिलाईच्या दुकानात जायला निघालेले. दादा मागच्या दारात जाऊन गळा फाटेस्तोवर ओरडला, "कैलास भैया, रुको! तार है!" पावसाने पत्रे इतके वाजत होते की ते त्यांना ऐकूच गेलं नाही, आणि सायकल तारेवर गेली. "ते ओरडले नाहीत गं," दादा मला नंतर म्हणाला. "नुसती घरघर... आणि सायकलची घंटी वाजतच राहिली. त्यांचा हात तिच्यावर आवळला होता."

बाकीचे शेजारी धावत आले, पण लाइन बंद होईपर्यंत कुणाला हात लावता आला नाही. कैलास भैयांची बायको आली ती थेट दादावर. "तुम घर में थे! तुमको सब सुनाई देता है!" असं म्हणत तिने त्याच्या थोबाडीत मारली, एकीमागून एक. कळल्याबरोबर मीही येऊन पोचले होते; आम्ही तिला आवरायला गेलो तर दादाने आम्हालाच मागे सारलं आणि तोंड तसंच पुढे धरून उभा राहिला.

कैलास भैयांचा तिसरा दिवस झाल्यावर दादा काठी घेऊन निघाला. कुठे जातोय ते सांगेना, म्हणून मी रिक्षात सोबत बसले. वीज कंपनीच्या कार्यालयात शिरला आणि पहिला घाव काउंटरच्या काचेवर घातला. दुसरा कॉम्प्युटरवर. लोक किंचाळत बाजूला झाले. आवाजावरून त्याने एका साहेबाला गाठलं, मानगूट धरून त्याचं तोंड टेबलावर दाबलं आणि दुसऱ्या हाताने त्याचे डोळे झाकले. "अब लिख शिकायत! तार गिरी है, आदमी जा रहा है, लिख!" पहारेकऱ्यांनी त्याला खाली पाडून तुडवलं. ओठ फाटला, दात हलला. तरी जमिनीवरून तो तेच ओरडत होता, "लिख!"

संध्याकाळी आम्ही पोलीस ठाण्यात बसलो असताना श्रुती आली. मी तिला ओळखत नव्हते. ती दादासमोर बाकावर बसली. "भैया, आपके जाने के बाद मैंने अपनी स्क्रीन बंद करके साइट चलाई. शिकायत तक पहुँच ही नहीं पाई." दादाने सुजलेलं तोंड तिच्याकडे वळवलं. "मग आता?" तो मराठीतच म्हणाला. तिला ते कळलं. "अब आप बताइए, क्या-क्या तोड़ना है."

खटला चालला, दंड झाला, तो भरला. पण श्रुतीने वरच्यांशी भांडून दादाला वेबसाइट तपासायला बोलावलं. तिथेही तो गोड वागला नाही. कीबोर्ड आपटायचा, शिव्या द्यायचा. प्रत्येक बटणाला नाव, प्रत्येक चित्राखाली शब्द, अक्षरांच्या कोड्याऐवजी मोबाइलवर येणारा आकडा. ऐकू न येणाऱ्या एका बाईंना तो घेऊन गेला, कारण तक्रार नोंदवल्यावर कंपनी फक्त फोन करायची. हात थरथरणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना नेलं, कारण त्यांचं लिहून होण्याआधीच पान बंद पडायचं. एका बैठकीत कुणीतरी विचारलं, "अंधे लोग हमारी साइट खोलते ही कितने हैं?" दादा उसळला, "खुलती ही नहीं, तो गिनोगे किसको?"

काम पुरं झालं तेव्हा पहिली तक्रार त्याने स्वतः नोंदवली. त्याच गल्लीतली, त्याच खांबावरची तार लोंबत होती. माणसं आली आणि ती ताणून गेली. दादा मागच्या दारात उभा राहून शिडीचा आवाज ऐकत होता. कैलास भैयांची बायको आपल्या दारात होती. दुसऱ्या दिवशी तिने दादाचा फाटका सदरा मागून नेला आणि शिवून आणून दिला.

आणि यंदा नवा ठेकेदार आला. वेबसाइट सुंदर करायची म्हणाला. चाचणीसाठी दादाला नवं पान दिलं, आणि यंत्र पुन्हा म्हणालं, "बटण. बटण." त्या बैठकीत तो उभा राहिला, टेबलावर मुठी आपटायला लागला. "किसको मारना है अब? नाम बताओ, किसको—" श्रुती सांगते, वाक्य तिथेच तुटलं.

मागच्या रविवारी मी वहिनीकडे गेले. त्याच्या खोलीत सगळं तसंच आहे, कॉम्प्युटर झाकलेला. नवी वेबसाइट सुरू झाल्याचं श्रुतीने कळवलं होतं. मी ती उघडली, पडदा बंद केला आणि त्याच्यासारखी फक्त कळा दाबत गेले. यंत्राचा आवाज दादाने इतका वेगवान करून ठेवला होता की मला एक शब्द कळेना. नुसता किडा गुणगुणल्यासारखा. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. डोळे भरून आले, मी हात मागे घेतला.

स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, इतकी वर्षं तो आवाज ऐकत आलेली वहिनी म्हणाली, "'तक्रार नोंदवा' म्हणून राहिलं ते. बटण आहे. दाब ना."