न वाळणारा रंग

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा परंड्यातल्या आमच्या कचेरीची उर्दू पाटी काढून मराठी लावायची होती. रंगारी नवी पाटी व्हरांड्यात टेकवून बिडी ओढत बसायचा. विचारलं की नजर चुकवून म्हणायचा, “रंग वला हाय, सायेब.” भर उन्हाळ्यात, तीन आठवडे. मला संशय आला, माणूस निजामाचा असावा. जुनी पाटी त्याला सोडवत नाही. शिवाय लिंबाखाली तो खारींना शेंगदाणे टाकायचा, आणि खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश करतात हे मला ठाऊक होतं.

शेवटी मीच शिडीवर चढलो. उर्दू पाटीमागं काथ्याचं घरटं होतं. आत रंगाऱ्याचं रंगानं माखलेलं फडकं आणि डोळे न उघडलेली खारीची तीन पिल्लं. तो खाली शिडी धरून उभा होता.

दुपारी मोठ्या साहेबांनी पाटीचं विचारलं.

“रंग ओला आहे, साहेब,” मी म्हणालो.