रामहरींची हिवाळ्यापुरती बारामती

कळंबच्या शिवाराला लागून एक मुरमाड टेकडी आहे. तिच्यावर एकच घर आहे, रामहरींचं. खाली उसाचा हिरवागार पट्टा, वर बोडका माळ. संध्याकाळी शेळ्यासुद्धा खाली उतरतात आणि हा माणूस वर चढतो, असं लोक म्हणत. रामहरींना मात्र वरच्या हवेशिवाय झोप लागत नसे.

नोकरी बारामतीला, एका पतसंस्थेत. शिपायाच्या वर आणि कारकुनाच्या खाली असं काहीतरी त्यांचं पद होतं. पण दाराच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे असे. त्यांनी दार उघडल्याशिवाय मॅनेजर अश्लेषा मॅडमनाही आत जाता येत नसे. पगारापेक्षा त्यांचा जीव या किल्लीवर होता.

हिवाळ्यात टेकडी आणि नोकरी यांचं जमत नसे. सकाळी वर दात वाजायचे आणि दुपारी बारामतीत पंखा लावावा लागायचा. रामहरींनी यावर तोड काढली होती. घोंगडी, स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा जामानिमा करून ते मोटारसायकलवर बसत. गारठ्यात गाडी किकला दाद देत नसे, म्हणून ती आदल्या दिवशीच उताराला तोंड करून लावलेली असे. नुसती सोडून दिली की पायथ्यापर्यंत तिला जाग येई. पायथ्याला गोकुळच्या चहाच्या टपरीवर घोंगडी उतरे. भवानीनगरला उन्हं अंगावर आली की कानटोपी आणि मफलर कुंडलिक पंक्चरवाल्याच्या खिळ्याला. स्वेटर ऑफिसातल्या खुंटीला. संध्याकाळी हाच क्रम उलटा. घरी पोचणारा माणूस पुन्हा भरगच्च झालेला असे, त्यामुळे बायकोला, विजयमालाबाईंना, वाटे, हे दिवसभर असेच गुंडाळून बसतात.

तसं वाटणं गरजेचं होतं. मागच्या थंडीत रामहरींनी खोकून खोकून घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणून यंदा बाईंनी दिवाळीतच बजावलं होतं, की एक शिंक जरी ऐकली तरी संक्रांत होऊन थंडी सरेपर्यंत बारामतीला खोली करून राहायचं. टेकडी सोडायची या कल्पनेनंच रामहरींना गुदमरायला होई.

एके दिवशी गाडी बारामतीतच बंद पडली. अश्लेषा मॅडम वालचंदनगरला पाहुण्यांकडे निघाल्या होत्या. चला काका, सोडते, म्हणाल्या. मॅडम गाडी चालू करून थांबल्यावर स्वेटरसाठी परत ऑफिसात जाणं रामहरींना बरं दिसेना. भवानीनगरला खिळ्यावरची कानटोपी त्यांना काचेतून दिसली. पण साहेबाच्या गाडीत बसून, जरा थांबा, टोपी घ्यायचीय, असं म्हणायला जीभ वळेना. पायथ्याला पाहावं तर गोकुळ टपरी बंद करून बाजाराला गेलेला. रामहरी नुसत्या शर्टावर टेकडी चढले आणि उंबऱ्यातच शिंकले. एकदा नाही, लागोपाठ.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. स्वेटर कुठं, घोंगडी कुठं, असं एकेक विचारलं आणि रामहरींनी एकेक गाव सांगितलं.

“म्हंजे अंगावरचं सगळं रस्त्यानं वाटत जाताय व्हय?” बाई म्हणाल्या. “नशीब माझं, पँट तरी घालून आलाव.”

त्याच आठवड्यात बारामतीत खोली झाली, पतसंस्थेच्या मागच्याच गल्लीत. खिडकी उघडली की ऑफिसचं दार दिसे.

शाळेला लागून ज्यांचं घर, तीच पोरं प्रार्थना संपल्यावर येतात. रामहरींचं तेच झालं. दार समोर दिसतंय म्हटल्यावर निघायची घाई कसली? आणखी एक चहा व्हायचा, पेपर पुरा वाचायचा, कोपऱ्यावर कुणीतरी कळंबकडचं भेटायचं. पहिल्याच आठवड्यात सगळा स्टाफ पायरीवर उभा आणि रामहरी गल्लीतून डुलत येताहेत, असं दोनदा घडलं. तिसऱ्या खेपेला मॅडम रागावल्या नाहीत. तेच वाईट झालं.

“काका, किल्ली थोडे दिवस वृषालीकडे देऊ का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “ती डाळजहून येते. लांबून येणाऱ्यांना वेळ पाळावीच लागते.”

रामहरींनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. दुपारी ते खोलीवर आले तेव्हा विजयमालाबाई जिन्यात बसलेल्या होत्या. त्या खोलीत ऊन येत नसे. जिन्यावर जे हातभर ऊन पडे, त्याच्यामागं त्या पायरी पायरीनं सरकत, आणि घरमालकीण रोज म्हणे, वाटेत बसू नका. टेकडीवर अख्खा सूर्य त्यांच्या एकटीच्या मालकीचा होता. पण खोलीचा हट्ट त्यांचाच, त्यामुळे तोंड दाबून सोसणं चाललं होतं.

रामहरींनी ताट बाजूला सारलं आणि किल्लीचं सांगितलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग ताट परत पुढं ओढलं.

“जेवा आदी. किल्ली गेली तर तुमी अन्न सोडशाल, आन् ते मला बघवायचं न्हाय. आइतवारी टेम्पो सांगा. वर जाऊ.”

“आन् थंडी?”

“थंडीला मी हाय की. आता कुठं काय टांगता त्ये मला ठावं झालंय.”

रविवारी सामान वर चढलं. सोमवारी कुलूप वेळेआधी उघडलं आणि किल्ली खिशातच राहिली. विजयमालाबाई अंगणात पाठ उन्हाला देऊन शेंगा फोडत बसल्या. खालून कुणी आलं आणि इतक्यात परत आलात का म्हणून विचारलं, की त्या उसासा टाकून सांगत, काय करता, ह्यांची किल्लीची नोकरी पडली ना. मला तर बारामती लई मानवली होती.