पोपटाचा विटाळ

सोवळ्याओवळ्याविरुद्ध मी लिहिलेली चोपडी ठाण्यात पुष्कळांनी वाचली, आणि त्याहून अधिक लोकांनी न वाचता तिला शिव्या दिल्या. तिच्या शेवटच्या पानावर मी एक वचन छापून दिले होते. माझ्या घरात कोणालाही, दुसऱ्याला शिवण्याआधी विचारावे लागणार नाही. त्या वचनाचे काय झाले ते लिहितो आहे. लिहिताना मान वर होत नाही. पण ती चोपडी अजून लोकांच्या हातांत आहे, म्हणून गप्प बसणेही शोभत नाही.

असल्या चोपड्यांवरच मी वाढलो. वडील कचेरीत कारकून होते आणि सुधारणेचे जे जे पत्रक निघे ते घरी आणीत. मी अक्षरे त्यांवर गिरवली, भांडणेही त्यांतूनच शिकलो. वडील गेले, तसे आईचे सोवळे अधिक कडक झाले आणि माझी लेखणीही. एका घरात दोघे राहत होतो, एवढेच.

पत्नी कल्याणहून नांदायला आली ती पिंजरा घेऊन. त्यातला पोपट तिने पिल्लू असल्यापासून वाढवलेला. तो ‘विठ्ठल’ म्हणे, म्हणून आईने त्याला मागच्या पडवीत जागा दिली. पिंजरा साफ करण्याचे काम मी आपणहून घेतले, पण पक्ष्याच्या प्रेमाने नव्हे. आमच्याकडे सासूच्या देखत सुनेने नवऱ्याशी बोलायचे नसते. सकाळी आई देवांपाशी बसली की पडवीत आम्हा दोघांना थोडा वेळ मिळे. मी पोपटाला मनगटावर घेई, तो खांद्यावर चढून माझा कान टोची, पंख झाडी, आणि पंखांतली पांढरी भुकटी माझ्या मानेवर पडे.

“तुमच्याकडे मान वाकडी करून बघतो,” ती म्हणे. “ओळखलंय त्यानं तुम्हाला.”

“मी चोपडी लिहिलीय हे कळलं असेल.”

“त्याला पेरू कळतो फक्त.”

काही दिवसांत माझ्या अंगावर पित्त उठू लागले. आधी मनगटावर, मग मानेवर, पोटावर लाल गांधी. खाजवून जीव जाई, आणि दुपारपर्यंत सगळे असे मावळे की वैद्याला दाखवायला काही उरत नसे. आईने आमसुलाचे पाणी चोळले, घोंगडीत गुंडाळून बसवले. गुण आला नाही, तेव्हा तिने मनातले बोलून टाकले.

“छापखान्यात नको नको त्यांच्या हातचं पाणी पितोस, ते उठतंय अंगावर.”

“आई, पाण्यानं असं होत नाही.”

“मग कशानं होतं? बघ की तुझ्या चोपडीत.”

चोपडीत उत्तर नव्हते. समोरच्या घरातले भटजी रोज ओट्यावर उभे राहून विचारीत, “काय सुधारक, आज किती ओळी उमटल्या अंगावर?” प्रायश्चित्त घे, एवढेच सांगणे त्यांचे. सगळी आळी माझ्या कातडीकडे बघत होती. मी प्रायश्चित्त घेतले असते तर माझ्या चोपडीला मीच काडी लावली असे झाले असते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी, जीभ पाहिली आणि घरात काही जनावर पाळले आहे का असे विचारले. पोपट म्हटल्यावर ते म्हणाले, “असू शकेल. खात्री देत नाही. थोडे दिवस त्याच्यापासून दूर राहून बघा.” मी कल्याणला एका मित्राकडे जाऊन राहिलो. अंग स्वच्छ झाले. परत आलो तो सरळ पडवीत गेलो, पोपटाला बाहेर ओटीवर आणले आणि आईच्या व भटजींच्या समोर त्याला उघड्या दंडावर धरून बसलो. आईची भाजी चिरून होईपर्यंत दंडावर गांधी टरारल्या. तो जिथे बसला होता, बरोबर तिथेच.

“बघा!” मी ओरडलो. “पाप नव्हे, पाखरू!”

भटजी पाठ फिरवून घरात गेले. मला इतका आनंद झाला की पत्नी दाराआड उभी राहून माझ्याकडे नव्हे, पोपटाकडे बघते आहे, हे मी पाहिले आणि विसरलो.

आईला मी हरवले असे मला वाटले होते. ती उलट निवांत झाली.

“आधी सांगायचंस. मग सोपं आहे,” ती म्हणाली.

तिला खरोखरच सोपे होते. जन्मभर तिने दुसरे काय केले होते? पोपटाला हात लावला की सुनेने आंघोळ करायची, लुगडे बदलायचे. माझे कपडे वेगळ्या वलणीवर, तेही काठीने वाळत घालायचे. माझा पाट वेगळा, तांब्या वेगळा. पडवीत मी जायचे नाही. हे सगळे आईने एका सकाळी लावून दिले, आणि माझी खाज गेली. मला स्वस्थ झोप लागू लागली. माझ्या घरात मी सोवळ्यात राहू लागलो आहे, हे मला कळत नव्हते असे नाही. पण अंगाला बरे वाटत होते, आणि बरे वाटते तेव्हा मनुष्य फारसा विचार करीत नाही. पडवीतले आमचे बोलणे बंद पडले, त्याचीही मी तक्रार केली नाही.

मग कल्याणचे दोन मित्र आले. शिवाशिवीवर मी तिकडे व्याख्यान द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. ओटीवर बसून मी मोठ्या आवाजात मुद्दे सांगत होतो. इतक्यात आतून पोपटाची किंकाळी आली आणि पाठोपाठ पत्नी धावत बाहेर आली. पिंजऱ्याच्या तारेत त्याचा पाय अडकून फाटला होता. तिने त्याला छातीशी धरले होते, लुगड्याला रक्त लागले होते. परके पुरुष बसलेत, सासू मागे उभी आहे, हे काही तिला सुचले नाही. हात पुढे करून ती माझ्याकडे आली.

“अहो, बघा ना याला...”

मी उठून भिंतीला टेकलो आणि हात आडवा धरला.

“लांब हो! शिवू नकोस!”

आवाज माझा होता, पण सूर आईचा होता.

एक मित्र खाली बघू लागला. दुसरा हसून म्हणाला, “वा! तुमची चोपडी आम्ही कुठल्या पानापर्यंत वाचायची?”

ती रडली नाही. तिने पदर आवरला, कोपरे अंगाशी घेतली आणि तिचा वाराही मला लागू नये अशी भिंतीकडेने मागे सरकत गेली. तसे सरकणे मी रोज पाहत होतो. शिळ गावाकडून लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई आमच्या मागच्या दारी अशीच कोपरे आवळून उभी राहते. चोपडीत मी तिच्यावर एक अख्खे पान लिहिले आहे, आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. पण त्या वेळी तिचा चेहरा कसा होतो, हे त्या पानात नाही. मी कधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नव्हते. माझ्या कातडीला निदान कारण होते. तिला लांब उभे करणाऱ्यांच्या कातडीवर तर कधी काही उठत नाही.

पोपटाला शेवटी आईने हातात घेतले. पायाला हळद भरली, चिंधी बांधली, आणि मग ती आंघोळीला गेली.

व्याख्यानाला मी गेलो नाही. पत्नीचा भाऊ आला तेव्हा तिने पिंजरा त्याच्याकडे दिला. मी सांगून पाहिले, पोपट राहू दे, मी ओटीवर निजेन, सोसेन. ती म्हणाली, “तुम्हाला त्रास होतो ना. मग कशाला?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

आता पडवीत नुसती खुंटी आहे. वेगळी वलणी मी स्वतः काढून टाकली, पाट आणि तांब्या इतरांत मिसळले. आईनेही हरकत घेतली नाही.

परवा लिहिता लिहिता माझे डोके दुखू लागले. आई देवळात गेली होती. पत्नी खोबरेलाची वाटी घेऊन आली आणि दारातच थांबली. हात कोपरापर्यंत धुतलेले, पाणी अजून ठिबकत होते. घरात पाखराचे एक पीसही उरलेले नाही. मी मान वर करून बघेपर्यंत ती तशीच उभी होती.

“शिवू का?” तिने विचारले.