रॅमचा भाव पडंल, थांब!

दोष सगळा आमच्या आण्णांचा. बाप आहे म्हणून सोडणार नाही. मी एक कॉम्प्युटर जोडायला काय घेतला, घरात पार्ट कमी आणि किस्से जास्त झाले!

मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. बैलगाडा शर्यती आणि लग्नं शूट करतो. कॅमेरा माझा, पण एडिटिंग कळंबच्या मित्राच्या मशीनवर. शूटिंगला पोरं ढीगभर आहेत, पैसा एडिटिंगमध्ये. यात्रांच्या आधी स्वतःचं मशीन झालं नाही, तर सगळ्या ऑर्डरी त्या मित्राला जाणार होत्या.

सप्टेंबरात पार्टची यादी पक्की झाली. आण्णा म्हणाले, "पितरं चालू हायेत. नवी वस्तू न्हाई आणायची."

"आण्णा, रॅम हाय ती! पितरांना काय करायचंय तिचं?"

"दसऱ्याला बघू."

दसऱ्याला नुसतं कॅबिनेट आणलं. का? तर ते मोठं दिसतं! रिकाम्या डब्याला झेंडूची माळ, वर हळदकुंकू. आलेले पावणे पाया पडून गेले. आत एक स्क्रू नव्हता!

*

दिवाळीनंतर नारायणगावच्या दुकानात गेलो, तर रॅमचा भाव दुप्पट. दुकानदार म्हणाला, "एआयवाले सगळा माल उचलत्यात, राव."

आण्णांचा जन्म बराखीत कांदा साठवून भावाची वाट बघण्यात गेलाय. म्हणाले, "आवक वाढली की पडंल. थांब."

थांबलो. तिप्पट झाला! तर आण्णा दुकानदाराला विचारतात, "तिकडं पाऊस लई झाला का?"

*

मग मामा आले. चहा फुरकत मोबाईल माझ्या पुढ्यात टाकला. "ह्यात हाय की रॅम. काढ आन् लाव. मला नुस्ता फोन उचलायचाय."

"मामा, ती निघत नाय."

"निघती रं. तुला जमत न्हाई, म्हणून तर कॉलेजानं काढला!"

"काढला नाय, मी सोडलं!"

"तेच ते," मामा म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

*

जानेवारीत मी माझे मीच पैसे उभे करून रॅम आणली. दोन पट्ट्या, चॉकलेटएवढ्या. फोटो स्टेटसला टाकला.

"आज अमावास्या," आण्णा म्हणाले. "उद्या लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सातबाऱ्यासाठी घोडेगावला पिटाळलं. परत आलो, तर रॅमचं खोकं गायब!

"इकली," आण्णा खुशीत म्हणाले. "तुझं स्टेटस बघून पिंपळवंडीचा एक जण आला व्हता. तू घेतली त्याच्यापरीस हजार रुपयं वर दिलं! चढ्या भावाचा माल कोण घरात ठेवतं का? आता पडला की घेऊ."

ती रॅम घ्यायला मी कॅमेरा विकला होता.