देवाजीचा हॉटेलातला पाहुणचार

मंडईच्या दिवशी आपल्या घरी किती माणसं जेवतात, हे देवाजीला स्वतःलाही माहीत नसतं. दिवाळी झाली की सिंदेवाहीकडच्या त्याच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि नाटकाला आलेलं माणूस ओळखीचं असो-नसो, कुणाच्या तरी ओसरीवर हात धुऊन पंगतीला बसतं. देवाजीची ओसरी त्यात सगळ्यांत पुढे. 'आपल्या दारातून उपाशी कोनी गेला नाई' हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की गावातली पोरं त्याची नक्कल करायची.

एकजण मात्र गेला होता, आणि तो नेमका घरचा जावई. दोन वर्षांमागे मंडईला देवाजीची धाकटी बहीण गिरजा आणि तिचा नवरा केवळराम चंद्रपूरहून आले होते. देवाजी पुढाऱ्यांना, ठेकेदारांना, नाटक कंपनीच्या मॅनेजरला हाताला धरधरून पाटावर बसवत राहिला. 'भाटवे, तुमी तं घरचेच, थांबा जरासे,' असं केवळरामला प्रत्येक पंगतीला म्हणाला. शेवटी बोलवायला गेला तोवर भाटवे बसस्टँडवर पोचले होते. गिरजा नुकतीच बायकांच्या पंगतीला बसली होती, ती भरल्या ताटावरून उठून त्यांच्यामागे गेली. पुढच्या वर्षी बोलावणं पाठवायची देवाजीला लाज वाटली. बोलावणं आलं नाही म्हणून गिरजा आली नाही. फोनही थांबले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं देवाजी आता आपणहून सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसतो.

यंदा त्याचा मुलगा प्रफुल, जो हैदराबादला नोकरी करतो, त्याला मुलगी झाली. बारशाला निघायचं, गाडी चंद्रपूरहून भल्या पहाटेची. तेव्हा प्रफुलने स्टेशनसमोरच्या 'हॉटेल तारांगण'मध्ये आईबापांसाठी एक खोली फोनवरूनच घेऊन टाकली.

हे ऐकून आशाबाईच्या, म्हणजे देवाजीच्या बायकोच्या, हातातलं सूप खाली आलं.

"अवो, गिरजाबाई त्याच गावात राह्यते. बाबूपेठ लय दूर हाये का टेशनापासून? बहीण असताना भाऊ हाटेलात उतरला, असं तिले कळलं, तं ती मंग जन्मात आपल्या दारात पाय नाई ठेवत. माहेर तुटलं समजा तिचं."

"कसं कळते तिले?" देवाजी म्हणाला. "दुपारी जाऊ, सकाळी गाडीत बसू."

"सरळ तिच्या घरी काऊन नाई जात?"

"कोन्या तोंडानं जाऊ?"

तोंड एकच होतं, आणि ते त्याने मंडईलाच वापरून टाकलं होतं.

हॉटेलात शिरताच काउंटरवरच्या मुलीने 'वेलकम सर' म्हटलं. कोटाला लावलेल्या बिल्ल्यावर तिचं नाव होतं, रंजीता. देवाजीने 'रामराम जी' केला आणि दारातल्या पायपुसण्यावरच उभा राहिला. आशाबाईही उभी राहिली. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला गडवाभर पाणी येतं, मग पाहुणा आत येतो. इथे पाणी काही येईना. दोघं तशीच उभी, आणि काचेचं दार त्यांना पाहून उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. अखेर पाण्याऐवजी आधार कार्डाची मागणी आली. मंडईला आपण असं कार्ड मागत बसलो असतो तर निम्मा तालुका उपाशी परतला असता, असं देवाजीच्या मनात आलं. तालुक्याचं जाऊ दे, कार्ड पाहून पंगतीला बसवलं असतं, तर भाटव्यांचा तरी नंबर लागला असता.

"चेक-आउट सकाळी अकराला, सर."

"म्हंजे?"

"म्हणजे अकरापर्यंत निघायचं."

देवाजी आशाबाईच्या कानाशी लागला. "पाहून राह्यली? आल्या आल्या जायचा टाइम सांगतेत."

पण रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, ही रीत त्याने मोडली नाही. पिशवीतून घरच्या लाखोळीच्या डाळीचं गाठोडं काढून त्याने काउंटरवर ठेवलं. "घरची हाये, पोरी. ठेव."

रंजीताने डाळीकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं. मग अदबीने म्हणाली, "सर, तुमचं पेमेंट ऑनलाइन झालंय."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. किल्लीऐवजी मिळालेलं दाराचं कार्ड हरवू नये म्हणून देवाजीने ते बंडीच्या आतल्या खिशात घालून वरून बटण लावलं. आत ना दिवा लागे, ना पंखा फिरे. 'शहरातबी लाइन जाते म्हणा,' म्हणत त्याला बरंच वाटलं. दोघं घामाघूम होऊन अंधारात बसून राहिली. बाहेर गॅलरीत लखलखाट होता, पण तो इन्व्हर्टरचा असावा असं त्याने आशाबाईला समजावलं. आशाबाईला नुसतं बसणं जमेना. दुसऱ्याच्या घरी गेलेली बाई हातावर हात ठेवून बसत नाही. ती उठली आणि विचारत विचारत थेट खालच्या स्वयंपाकघरात गेली. परत आली ती हॉटेलातल्या एका माणसाला घेऊन.

"काय चिरू म्हटलं, तं आचारी घाबरून गेला जी," ती सांगू लागली. "म्हणते, मॅडम, तुमी रूममध्ये जा. अन लाइन नाई म्हटलं तं या भाऊले पाठवलं."

त्या माणसाने देवाजीकडे कार्ड मागितलं. बटण काढून कार्ड हातात यायला थोडा वेळ गेला. त्याने ते दाराजवळच्या खाचेत घातलं. दिवे लागले, एसी सुरू झाला, आणि देवाजीला एकदम आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलं. गार वाऱ्याने भल्याभल्यांची डोकी फिरतात, त्याचं तर आधीपासूनच जरा हललेलं. आशाबाई आंघोळीला गेल्यावर तो सोफ्यावर पायावर पाय टाकून बसला, मागे पांढऱ्या उशा येतील असा फोन धरून त्याने स्वतःचा फोटो काढला, आणि प्रफुलने शिकवलं होतं तसा, खाली हॉटेलचं नाव लिहून, स्टेटसला टाकला. गावाला कळायला नको का, देवाजी कुठे उतरलाय ते!

गावाला कळलं. कृषी केंद्रवाल्याने पाहिलं, सरपंचाने पाहिलं. देवाजी एकेक नाव वाचत खूश होत होता. मग एक नाव दिसलं, आणि पायावरचा पाय खाली आला. गिरजाने पाहिलं होतं.

फोटो कसा काढून टाकतात ते त्याला आठवेना. आठवलं तेव्हा त्याने तो काढला. पण बहिणीने पाहिलेलं आता पुसता येणार नाही, एवढं त्याला कळत होतं. आशाबाई बाहेर आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा पाहूनच तिने विचारलं, "काय करून बसले?" त्याने सांगितलं. ती ओल्या टॉवेलाची घडी घालू लागली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी खोलीतला फोन वाजला. "सर, तुमच्याकडे गेस्ट आल्या आहेत. वर पाठवू?"

"गेस्ट तं आमी हाओ ना जी?"

"नाही सर. तुमच्या गेस्ट."

गिरजा दारात येऊन उभी राहिली. ठेवणीतलं लुगडं, काखेत पिशवी. आत येईना. तालुक्याला जेवू घालणाऱ्या देवाजीला पाण्याचा गडवा सापडेना. शेवटी त्याने टेबलावरची बाटली उचलली आणि दोन्ही हातांनी बहिणीपुढे धरली. तिने झाकण फिरवलं, चार थेंब पायांवर शिंपडले आणि आत आली.

"घर चांगलं हाये, दादा."

"माहं कायचं घर..."

"म्या म्हटलं, दादाचं घर आता चंद्रपुरातच झालं. मंग बोलावन्याची वाट काऊन पाहू? आली."

आशाबाईने नणंदेला खुर्चीवर बसवलं. देवाजी चहा करायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून किटलीशी झटू लागला. दुधाची पुडी दाताने फोडताना अर्धी भुकटी मिशीला लागली. भिंतीकडे पाहतच तो म्हणाला, "प्रफुलनं केलं हे हाटेल. माह्या मनात नव्हतं." मग थांबून म्हणाला, "खोटं बोललो. तुह्या घरी यायची लाज वाटत होती बाई. भाटव्याले उपाशी धाडलं म्या."

"थे?" गिरजा म्हणाली. "थे तं बसस्टँडवर समोसे खाऊन मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी विसरलेबी. ताटावरून म्या उठली होती, दादा. माह्या मांगं कोन आलं?"

देवाजीने किटली खाली ठेवली. दोन वर्षं तो जावयाच्या मानाचा हिशेब करत होता. भरलं ताट टाकून गेलेली बहीण त्याच्या ध्यानातच आली नव्हती. त्याला भडभडून आलं. वळला तर मिशी पांढरी, डोळे लाल. गिरजाला त्याही अवस्थेत हसू फुटलं, पण तिने ते पदरात लपवलं.

चहा पिऊन होताच ती उठली. पिशवी काखेत घेतली. "येतो, दादा."

'माह्या घरी चाल' असं ती म्हणाली नाही. देवाजी त्या वाक्याची वाट पाहत होता. ते आलं नाही, तेव्हा आशाबाईचं 'माहेर तुटलं' त्याच्या कानात वाजलं. निघालेल्या पाहुण्याला 'थांबा आजच्या दिस' म्हणायचं, पाहुण्याने 'नाई जी, काम हाये' म्हणायचं, ही तिकडची रीत. म्हणणारा मनापासून म्हणत नाही, ऐकणारा मनावर घेत नाही. एक डोळा पाहुण्याच्या गाडीला जुंपलेल्या बैलांवर ठेवून देवाजीने हे आयुष्यभर म्हटलं होतं. आता मात्र तो दारात आडवा उभा राहिला.

"थांब बाई," तो कसाबसा म्हणाला. "आजच्या दिस थांब."

गिरजाने पिशवी पलंगावर ठेवली. पिशवीतून रात्री नेसायचं लुगडं काढलं आणि उशीवर टाकलं.

"थांब म्हनतेस का नाई, थेच पाहाले आली होती," ती म्हणाली.

देवाजीच्या जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं ऐकून थांबलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या घरात! तो धावतच खाली गेला.

"पोरी, आखीन एक गादी पाह्यजे."

"एक्स्ट्रा गेस्ट आहेत का सर?"

"गेस्ट नाई वं." त्याने मिशी पुसली, मग डोळे पुसले, आणि त्याला हसूही येत होतं. "माही बहीण होये. माहेरी आली हाये."

रंजीताने त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता गादी वर पाठवली.